या चुका टाळा: गाडीचा एसी मंदावला म्हणून लगेच गॅस भरू नका

एप्रिल लागला की माझ्या शेडपुढे गाड्यांची रांग लागते आणि जो तो एकच वाक्य घेऊन उतरतो: "भाऊ, गॅस संपला वाटते, टाकून द्या फक्त." रोग सांगायच्या आधी औषध ठरलेलं. अकोल्याचा मे म्हणजे ४५ अंश, तेव्हा घाई कळते मला. पण एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही. बंद पाइपांत गोल फिरत राहतो. खरंच कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेलाय, आणि कमी झालेलाच नसेल तर वरून भरलेला गॅस नुसता त्रास देणार.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एक पांढरी हॅचबॅक आली. एका मोसमात तीनदा गॅस भरलेला, तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी. मालक वैतागलेले. तक्रार अशी की हायवेला लागलं की एसी बरा चालतो, गावात शिरून सिग्नलला थांबलं की कोमट वारा. हे वाक्य आधीच्या तिघांपैकी एकानं जरी नीट ऐकलं असतं तरी पैसे वाचले असते. गाडी उभी राहिल्यावरच गारवा जातो तेव्हा आधी कंडेन्सरच्या, म्हणजे रेडिएटरपुढच्या गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, वाऱ्याकडे बघायचं, गॅसकडे नंतर.

बॉनेट उघडलं तर पंखा चालू. चांगला जोरात फिरत होता, त्यामुळे मीही जरा चक्रावलो. मग जुन्या सवयीनं वर्तमानपत्राचं अर्धं पान घेऊन समोरच्या जाळीपुढे धरलं. पंखा बाहेरचा वारा आत ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटून बसायला पाहिजे. इथे तो फडफडत माझ्याच तोंडावर आला. पंखा उलटा फिरत होता! खोदून विचारल्यावर कळलं, मार्चमध्ये गाडी पुढून ठोकली होती. तेव्हा पंख्याची मोटर बदलली आणि दोन वायरी उलट जोडल्या गेल्या. उभ्या गाडीत रेडिएटरची सगळी गरम हवा कंडेन्सरवर येत होती. हायवेला समोरचा वारा त्या पंख्याला पुरून उरायचा.

वायरी बदलायला पाच मिनिटं लागली. वेळ गेला तो गॅस काढण्यात. स्टिकरवर ४२० ग्रॅम लिहिलेले, गॅस काढायच्या मशिनीत निघाले ५९०. तीनदा "थोडा थोडा" टाकल्याचा हिशेब. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन साचतो, गरम गॅसला थंड व्हायला जागा उरत नाही, प्रेशर चढतं, गॅस दाबणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, कण्हतो आणि गारवा आणखी कमी होतो. मग माणूस म्हणतो, अजून थोडा टाका.

"पण त्यांनी प्रेशरचं मीटर लावून बघितलं होतं," हेही ऐकून घ्यावं लागतं. बंद गाडीला मीटर लावून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा बाहेरच्या तापमानाप्रमाणे उभा राहतो. आपल्या नेहमीच्या आर-१३४ए गॅसचा ३० अंशाला साधारण १०० पीएसआय दाखवतो, मग आत ३०० ग्रॅम असो की ५००. चालू गाडीत दोन्ही बाजूंची प्रेशरं बघून अंदाज येतो, पण तोही अंदाजच. मी गॅस वजनकाट्यावर भरतो, बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढाच. छोट्या गाड्यांना बहुतेक ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. डोळ्यांनी आणि हातांनी गॅस भरणारा माणूस कितीही जुना असला तरी माझी गाडी मी त्याला देणार नाही.

दुसरी चूक, गळती न शोधता भरणं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. म्हणून मी आधी मशीन काढत नाही, टॉर्च काढतो. पाइपाच्या जोडावर, गॅस भरायच्या पिन वॉल्व्हवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात काळा चिकट डाग दिसला की तिथे साबणाचा फेस लावायचा. कितीदा तरी जोडातली नुसती ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेलेली असते. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल शेवटी. जो कारागीर पहिल्या दहा मिनिटांत "डॅश खोलावा लागेल" म्हणतो, त्याला आधी बाकीचे जोड दाखवायला सांगा.

सिस्टिम उघडली की व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं, किमान अर्धा तास. मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते पाहायचं. पाच मिनिटांचा व्हॅक्यूम म्हणजे आत राहिलेला ओलावा. तो कूलिंग कॉइलच्या तोंडाशी असलेल्या बारीक एक्सपान्शन वॉल्व्हपाशी गोठतो, तेल खराब करतो. इथे गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं. मी चहा सांगतो.

गळती बुजवायच्या डब्या? माझ्या शेडमध्ये येत नाहीत. त्या वॉल्व्हही बुजवतात आणि माझी मशीनही.

बाकीच्या चुका स्वस्तातल्या. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे असतो, वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आपल्या भागात जिनिंगच्या रस्त्यांवर कापसाचे तंतू उडतात आणि कंडेन्सरवर नमद्यासारखे बसतात. साध्या नळीनं धुवा, प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पत्र्याच्या पात्या वाकतात. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर काचा लावून एसी फुल्ल करू नका. दोन मिनिटं काचा खाली ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. ते बटण बाहेरच्या हवेवर ठेवून कूलिंग नाही म्हणत आलेल्यांकडून मी पैसे घेत नाही, फक्त हसतो.

अर्ध्या तासानं वाराच कमी येतो? कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. वारा परत आला तर कॉइलवर बर्फ धरतोय. फिल्टर आणि सेन्सर बघा.

आणि गाडीखाली पाणी ठिबकतं म्हणून घाबरून येऊ नका, ते ठिबकायलाच हवं. बाहेर ठिबकायचं थांबलं आणि शेजारच्या सीटपुढची मॅट ओली झाली, की मग या. ड्रेन पाइप तुंबलेला असतो, फुंकून देतो.