रस्त्याकडेला आणि सौर प्रकल्पाच्या जागेत स्थानिक गवत-झुडपांचा पट्टा कसा उभारावा

विदर्भात रस्त्याकडेची किंवा सौर प्रकल्पाच्या कुंपणातली जागा हिरवी करायची म्हटले की खड्डे खोदून गुलमोहर आणि बोगनवेल लावण्याचा बेत ठरतो. मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरे यांच्या उपयोगाची जागा हवी असेल, तर मात्र हे काम मुख्यतः गवताचे आणि झुडपांचे आहे व त्याची तयारी आदल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून करावी लागते.

रस्त्याची हद्द सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महामार्ग प्राधिकरण यांपैकी ज्यांची असेल, त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि रुंदीकरणाचा बेत आहे का, केबल कुठून गेली आहे, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. वळणावर आणि फाट्यावर गुडघ्यापेक्षा उंच काहीही लावू नये.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागा पायी फिरून पाहावी. कुंभा, उन्हाळी (शरपुंखा), तरवड, काटेकोरंटी, बोर यांपैकी जे आधीच उभे असेल, तेवढा भाग नांगरू नये. तिथे फक्त तण काढले तरी निम्मे काम होते. बियाणेही जवळपासच्याच धुऱ्यांवरून, पांदण रस्त्यांवरून आणि पडीक बरडावरून गोळा करावे. भारी काळ्या जमिनीला मारवेल आणि मुरमाड जमिनीला पवन्या ही गवते मानवतात. कुसळी कुठेही येते, पण तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, म्हणून चराईच्या वाटेवर ती पेरू नये. गवताचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकताच हाताने ओरबाडून घ्यावे, सावलीत वाळवावे आणि कापडी पिशवीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवावे; ताजे बी नीट उगवत नाही.

निवड करताना फुलोऱ्याचे वेळापत्रक मांडावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून तूर फुलेपर्यंत कुंभा, बोर आणि तरवड कामी येतात. शेते मोकळी झाल्यावर पळस, कडुनिंब आणि करंज फुलतात, म्हणून रस्त्याच्या हद्दीच्या बाहेरच्या कडेला ही झाडे थोडी असावीत. तरवडाच्या फुलात मध नसतो. मोठे काळे भुंगे फूल घट्ट धरून अंग थरथरवतात, तेव्हा पुंकेसरांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतो. रुईचे झुडूप लोक उपटून टाकतात, पण ते राखावे, कारण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने खातात.

पेरणी मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. तरवडाच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात त्या बिया रात्रभर भिजू द्याव्यात. गवताचे बी हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते. ते माती, शेणखत आणि रेतीत कालवून गोळ्या कराव्यात, त्या वरवर टाकून फांदीने माती सारावी. बी खोल गेले की उगवत नाही. कडेला बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घालून पहिले वर्ष ढोरांपासून राखण करावी आणि चराईबाबत गावातल्या गुराख्यांशी आधीच बोलून घ्यावे.

सौर प्रकल्पात पटलांच्या (पॅनेलच्या) खालच्या कडेची उंची मोजून त्याहून बुटक्याच जाती निवडाव्यात. उंच झुडपे कुंपणालगत आणि पटलांवर सावली पडणार नाही एवढ्या अंतरावर लावावीत. पटलांवरून पाणी जिथे पडते, तिथे माती वाहून जाते, त्यामुळे त्या ओळीत मारवेल दाट पेरावी. वाळलेले गवत मार्चनंतर पेटू शकते. म्हणून इन्व्हर्टर, केबलची जोडणी आणि कुंपण यांच्याभोवती स्वच्छ पट्टा राखावा.

या सगळ्यात अवघड काम गाजर गवताचे असते. ते फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलल्यावर कापले तर बी पसरते आणि श्रम वाया जातात. रिकाम्या जागी तरोट्याचे बी टाकून ठेवले, तर पावसाळ्यात तो दाट उगवतो आणि गाजर गवताला वाढू देत नाही. शिवाय कोवळ्या तरोट्याची भाजी होतेच. पानांवर झायगोग्रामा नावाचे भुंगेरे दिसले तर औषध फवारू नये. ते गाजर गवत खातात आणि याच कामासाठी 1984 मध्ये भारतात सोडले गेले आहेत. पहिली दोन वर्षे निंदणासाठी मजुरीची तरतूद नसेल, तर पेरणीचा खर्च न केलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजारी कपाशी असेल, तर फवारणीचा अंश वाऱ्याने पट्ट्यावर येतो, म्हणून त्या कडेला निर्गुडीची दाट रांग ठेवावी आणि फुलझाडे आतल्या बाजूला घ्यावीत.

कापणी डिसेंबरात, बी झडल्यावर, जमिनीपासून वीतभर उंची राखून करावी. एका वर्षी अर्धाच भाग कापावा, कारण पोकळ काड्यांमध्ये एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. काही चौरस फूट उघडा मुरूम तसाच सोडावा, तिथे जमिनीत बिळे करणाऱ्या मधमाश्या राहतात. दुसऱ्या मृगात जिथे उगवण विरळ असेल, तिथे याच पट्ट्यातले बी पुन्हा टाकावे.