पांढऱ्या खोडाचं झाड लावायचंय? पावसाआधीची तयारी

काश्मीर-मनाली फिरून आलं की कुणाला तरी पांढऱ्या खोडाचा बर्च अंगणात हवासा वाटतो. बिया तर घरबसल्या मागवता येतात. नागपुरात असाल तर तयारीतलं पहिलं काम म्हणजे हा बर्च यादीतून खोडून टाकणं. आपल्या देशातला बर्च म्हणजे भूर्ज, आणि तो हिमालयात साधारण ३००० मीटरच्या वर, जंगल संपत येतं तिथे वाढतो. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. युरोपातल्या रुपेरी बर्चची मुळं जमिनीच्या वरच्याच थरात पसरतात, त्यांना गार आणि ओलसर माती लागते. अमेरिकेतला नदीकाठचा बर्च त्यातल्या त्यात ऊन सोसतो, पण चुनखडीच्या मातीत त्याची पानं पिवळी पडतात आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर. एसीत ठेवायचं झाड नाही हे, सोडून द्या.

त्याच्या जागी कांडोळ लावा. कुणी पांढरूक म्हणतं, कुणी कुलू. पेंचच्या सफारीत गाइड ‘भुताचं झाड’ म्हणून दाखवतो तेच. खोड फिकट पांढरं, गुळगुळीत, आणि साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. पापुद्रा जरासा उचकटलेला असेल तिथे डोकावून पाहा, खाली हिरवी झाक दिसते. हिवाळ्यात पानं गळाली की चांदण्यात हे झाड जे दिसतं, त्यापुढे बर्चची आठवणही येत नाही, निदान मला तरी.

जागा एप्रिल-मेमध्येच ठरवा. दिवसभर ऊन हवं. घराच्या भिंतीपासून, सेप्टिक टँकपासून आणि पाण्याच्या पाइपापासून पाच-सहा मीटर सोडा, वर विजेची तार नको. झाड पंधरा मीटरपर्यंत जाऊ शकतं. नंतर नकोसं झालं म्हणून कापून टाकू, असं मनात असेल तर थांबा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात स्वतःच्या कंपाउंडमधलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

खरी तयारी मातीची. कांडोळ हा खडकाळ, उताराच्या टेकड्यांवरचा गडी. उपाशी राहील पण पाण्यात उभा राहणार नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ऑगस्टमध्ये चिखल धरून बसते. त्यामुळे मेमध्ये तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा आणि संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा. सकाळी पाणी जिरलेलं असेल तर उत्तम. तसंच साचलेलं असेल तर जागा बदला. जागा बदलता येत नसेल आणि कंपाउंड खरंच मोठं असेल तर अर्जुन लावा; तो नदी-नाल्याकाठचा, त्याची सालही फिकट आणि गुळगुळीत असते, पण झाड अवाढव्य होतं. नवीन लेआउटमध्ये खणताना बहुधा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मलबा निघतो. तो सगळा बाहेर काढा, परत खड्ड्यात लोटू नका. पाणी जिरलं की खड्डा दोन आठवडे उघडा तापू द्या.

भरायचं सामान पावसाआधी दारात असलं पाहिजे, कारण एकदा झड लागली की ट्रॅक्टरवाला गल्लीत यायला तयार होत नाही. तळाला मुरूम आणि जाड गिट्टीचा थर, वर खणलेली काळी माती, मुरूम आणि कन्हानची रेती सारख्या प्रमाणात, त्यात दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि उधईसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. खड्डा जमिनीच्या पातळीवर थांबवू नका, फूटभर उंच ढीग करा. भर खाली बसते आणि तेव्हाही रोप आजूबाजूच्या मातीपेक्षा उंचच राहायला हवं.

रोप आधी वनविभागाच्या रोपवाटिकेत विचारा, शोभेच्या नर्सऱ्यांमध्ये ते सहसा नसतं. उंची पाहून भुलू नका, पिशवीचा तळ पाहा. कोवळ्या कांडोळाचं मूळ जाड आणि मांसल असतं. ते पिशवीत गोल गुंडाळलं गेलं असेल तर रोप परत ठेवा.

पहिल्या सरीला लावायची घाई नको. दोन-चार दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की, म्हणजे साधारण जूनअखेर, पिशवी ब्लेडने उभी कापून मातीच्या गोळ्यासकट लावा. बांबूला सुतळीने सैल बांधा. शेळ्या फिरत असतील तर जाळी त्याच दिवशी. पावसाळ्यात बुंध्याभोवती आळं नको. ते दिवाळीनंतर करा.

हिवाळ्यात पानं गळतील. रोप मेलं म्हणून उपटू नका. नखाने सालीला हलकं खरवडा, हिरवं दिसलं की ते जिवंत आहे. या काळात पाणी अगदी कमी. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्याला एकदा भरपूर, खोलवर पाणी द्या. रोज तांब्याभर देण्यात अर्थ नाही. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी टाकू नका, त्यात क्षार साचलेले असतात. बुंध्याभोवती, पण खोडापासून चार बोटं दूर, वाळला पाला किंवा पऱ्हाटीचे तुकडे पसरा. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून दोन काठ्यांवर गोणपाट ताणा, खोडाला गुंडाळू नका.

आणि घरातल्या सगळ्यांना, माळीदादांना तर दोनदा, सांगून ठेवा: या खोडाला गेरू-चुना लावायचा नाही. दिवाळीच्या माळांसाठी खिळेही नकोत, जखमेतून डिंक वाहत राहतो. मुलांना पापुद्रे सोलायचा मोह होतो, तेवढं लक्ष ठेवा.

काही वर्षांनी फळं धरतील. पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, लालसर, दिसायला मखमली, पण त्यावरची लव अंगात रुतते आणि खाज सुटते. फळं झाडताना हातमोजे घाला आणि कपडे वाळत घालायची दोरी पहिल्यापासून अंगणाच्या दुसऱ्या बाजूला बांधा.