घरातलं माणूस गेलेल्या मुलासाठी चित्रं कशी काढावीत

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर एका ओळखीच्या शिक्षिकेचा फोन आला. "वर्गातल्या पोराचे वडील गेलेत, पोरगं बोलतच नाही, काहीतरी काढून द्या." तेव्हापासून सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांतल्या मुलांसाठी आठ-दहा पानांच्या पुस्तिका काढतेय. मूल एक, पुस्तिका एक. छापील पुस्तिका सगळ्यांना वाटायची, हा प्रकार मला जमत नाही आणि पटतही नाही.

सल्ले भरपूर मिळतात. इंद्रधनुष्य काढा, फुलपाखरू काढा, रंग प्रसन्न ठेवा. यातलं काही करू नका. ज्याचा बाप परवा गेलाय त्याला फुलपाखरू दाखवलं, तर आपल्याशी खोटं बोलतायत हे त्याला दुसऱ्या पानावर कळतं.

कागद, रंग तुमचे तुम्ही ठरवा. रेघ मात्र जाड ठेवा, कारण पुढे कुणीतरी त्याची झेरॉक्स काढणारच.

आधी घरी जाऊन चार गोष्टी विचारा: कोण गेलं, कसं गेलं, मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलंय, आणि दहन झालं की दफन. चौथा प्रश्न आपल्या भागात गृहीत धरायचा नाही. लिंगायत घरांत दफन करतात, मिरजेतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतही. मी एकदा न विचारता चिता काढून नेली. आजीने पान उलटलं, पुस्तिका मिटली आणि चहा ठेवायला आत गेली. ती परत बाहेर आली नाही, चहा सुनेने आणून दिला. नदीचंही तसंच. ऑगस्ट २०१९च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. त्या पट्ट्यातल्या मुलासाठी कृष्णेचं पाणी 'सुंदर' काढण्याआधी घरच्यांना विचारा.

मजकूर कमी ठेवा आणि 'वारले' हाच शब्द वापरा. 'झोपले' लिहिलं की मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. 'गावाला गेले' लिहिलं की एसटी स्टँडवर वाट बघतं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालायचं थांबतं, आणि हे सगळ्यांचंच होतं, एवढं बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजायला लागतं. त्याआधीचं मूल तेच तेच विचारतं, म्हणून तेच तेच सांगायचं. माझं दुसरं पान ठरलेलं असतं: "बाबा वारले. त्यांचं हृदय थांबलं. श्वास थांबला. आता त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही." शेवटचे दोन शब्द, 'दुखत नाही', गाळायचे नाहीत, कारण अग्नी पाहिलेलं प्रत्येक मूल मनात 'भाजलं असेल का' हेच विचारत असतं. घरच्यांची श्रद्धा असेल तर 'देवाघरी' जरूर लिहा, पण शरीराचं सांगून झाल्यावर.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) जिना काढून द्या, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. कुब्लर-रॉस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या सात वर्षांच्या पोराचं काही त्यांत नव्हतं. पोरगं पाच मिनिटं रडतं, मग बॅट घेऊन पळतं आणि जेवताना पुन्हा रडतं. म्हणून खेळण्याचं एक पान ठेवाच. 'तुला काहीच कसं वाटत नाही रे' असं त्याला कुणीतरी नातेवाईक बोललेला असतोच.

आता अवघड भाग. गेलेलं माणूस चित्रात दाखवायचं कसं? यात मी दोन वर्षं चुकत होते.

आधी ढगात काढलं. वडील ढगावर बसलेत, खाली बघून हसतायत. नऊ वर्षांच्या एका मुलीने ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मी आंघोळ करताना पण दिसतं?" त्यांची न्हाणी परसात होती, तिन्ही बाजूंनी पत्रा आणि वर उघडं आभाळ. मला काही उत्तर सुचलं नाही. पुढे तिची मावशी म्हणाली, पोरगी न्हाणीत परकर अंगावर ठेवूनच पाणी घेते. ढग त्या दिवशी बंद केले.

मग फिकट राखाडी रंगात काढून बघितलं. ते सरळ भूत दिसतं.

मग मला फार हुशारी सुचली. माणूस तुटक रेघेत काढायचा. घरातले सगळे पक्क्या रेघेत, आणि खुर्चीत वडील नुसत्या ठिपक्याठिपक्यांचे. मोठ्यांना ते चित्र इतकं आवडलं की दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी खूश. कवठेमहांकाळकडच्या सहा वर्षांच्या एका मुलाला पुस्तिका दिली. चार दिवसांनी गेले तर त्याने पेन्सिलीने सगळे ठिपके नीट जोडले होते, जीभ बाहेर काढून जोडले असणार. शर्टाला निळा रंगही दिला होता. मला म्हणाला, "मी गिरवलं. आता येतील?"

चूक त्याची नव्हती. बालवाडीपासून अंकलिपीत, सराववहीत त्याने ठिपके म्हणजे गिरवायचे, गिरवलं की अक्षर पुरं होतं, एवढंच पाहिलेलं. तुटक रेघ म्हणजे 'नाही' हे तुम्हाआम्हाला कळतं. त्याला ती 'अजून पुरं व्हायचंय' असं सांगते. तुटक रेघ, अर्धी आकृती, नुसती सावली, यातलं काहीही लहान मुलासाठी काढू नका. समोर कितीही मोठा चित्रकार सांगत असला तरी नाही.

त्यानंतर एकच नियम ठेवलाय. गेलेलं माणूस आठवणीच्या चित्रात पूर्ण काढायचं, पक्क्या रेघेत, भरभरून रंगात, पोट सुटलेलं असेल तर पोटासकट. आजच्या चित्रात ते अजिबात काढायचं नाही. मधलं काही नाही.

मग हे आधीचं आणि हे आताचं, हे मुलाला कळावं कसं? समोरासमोरची दोन पानं घ्या. डावीकडे तीच खोली आधीची, उजवीकडे तीच खोली आताची, कोन तोच. डावं चित्र खिडकीच्या काचेवर धरून उजवं त्यावरून उतरवा, म्हणजे कपाट, कॅलेंडर, दाराची कडी जागची हलणार नाही. बदललं तेवढंच बदलेल, आणि मूल तो फरक स्वतः शोधेल.

काय बदललं हे मोठ्यांना विचारू नका. मोठे 'रिकामी खुर्ची' सांगतात, कायम. मुलालाच विचारा, "घरात आता काय वेगळं आहे?" त्या कवठेमहांकाळच्या मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "पंखा." वडील पंखा पाचवर ठेवायचे. आजीला वारं सोसत नाही, म्हणून आता तीनवर असतो. मी भिंतीवरचं बटण मुद्दाम मोठं काढलं. डावीकडे खूण पाचवर, उजवीकडे तीनवर. बाकी खोली तीच, आणि कॉटवर बाबा नाहीत. पुस्तिका दिल्यावर त्याने पाचावर बोट ठेवलं, मग तीनावर, मग परत पाचावर. यावेळी पेन्सिल मागितली नाही.

उजवं पान ओकंबोकं ठेवू नका. त्यात एक जिवंत मोठं माणूस हवं, आणि ते काहीतरी करत असावं: दप्तर भरणारी आत्या, गाडीला किक मारणारा काका. 'आता मला शाळेतून कोण आणणार' हा प्रश्न मूल विचारत नाही, पण पानावर शोधतं. जो खरंच आणणार असेल त्यालाच काढा. मामाला काढलं आणि मामा महिन्याने पुण्याला निघून गेला, असं माझ्या बाबतीत झालंय.

भिंतीवरचा फोटो काढायचा असेल तर तोही मुलाला विचारून. स्टुडिओवाले लग्नाच्या ग्रुपफोटोतला चेहरा कापतात, खाली कोट-टाय चिकटवतात, मागे निळा पडदा. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही तोच कोट. "आमच्या पप्पांनी कोट घातलाच नाही कधी," असं मला तीन वेगवेगळ्या मुलांनी सांगितलंय. मी चौकटीत बनियन काढलंय, शेतातली टोपी काढलीये, एकदा गुऱ्हाळावरचा घामेजलेला चेहरा. घरचे कुरकुरतात, मी ऐकत नाही.

दहाव्याचा कावळा हे आणखी एक पान, दिसायला सोपं पण जपून करायचं. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही की घाटावर कुणीतरी बोलतं, "पोरात जीव अडकलाय त्यांचा." पोर तिथेच उभं असतं. आधी कधीतरी रागाच्या भरात 'मर जा' म्हणालेलं असेल तर त्याचं डोक्यात पक्कं होतं, आपल्यामुळेच. म्हणून मी कावळा झाडावर बसलेला काढते आणि खाली लिहिते: "कावळा उशिरा आला. त्यात तुझं काही चुकलं नाही. तू जे बोललास, मनात आणलंस, त्याने कुणी मरत नाही."

चेहऱ्यांवर अश्रू काढू नका. रडायचं की नाही हे मूल ठरवेल.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांना हे असलं काही देऊ नका, त्यांना ते बाळबोध वाटतं. त्यांना चौकटींची चित्रमालिका जमते, चेहरा न दाखवता: गेलेल्या आईचा अजून 'लास्ट सीन' दाखवणारा मोबाईल, तिचा नंबर डिलीट न करणारा अंगठा. मजकूर त्यांनाच लिहू द्या.

मूल 'मला बाबांकडे जायचंय' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे खाणं-झोप गेली असेल, तर चित्रं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. मी मागच्या कव्हरवर दोन नंबर ठळक टाकते: मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६.

छापताना पानं एकाच बाजूला छापा, मुलं आवडतं पान फाडून घेतात. पिना नकोत, दोऱ्याने शिवा. आणि प्रती दोन काढा. एकच दिली तर ती आई उशाखाली ठेवते, आणि मूल तिच्याकडे मागत नाही.