नर्व्हच्या वाटेने पसरलेला कॅन्सर एमआरआयवर कसा शोधावा

लाळग्रंथीचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असो की चेहऱ्याच्या त्वचेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मागणीपत्र आधी नीट वाचा. हनुवटी बधिर, गालाला मुंग्या, चेहऱ्याची एक बाजू हळूहळू लुळी, यातलं काही लिहिलेलं असेल तर नेहमीचा ब्रेन स्कॅन पुरणार नाही. तक्रार नसली तरी प्रसार असू शकतो.

शक्यतो ३ टेस्लावर, हनुवटीपासून कॅव्हर्नस सायनसच्या (कवटीच्या तळाशी, पिट्युटरीच्या शेजारची शिरांची पोकळी) वरपर्यंत आणि मागे ब्रेनस्टेम येईल असं घ्या. स्लाइस ३ मिमीपेक्षा जाड नको, एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) १६ ते १८ सेमी. कॉन्ट्रास्टआधीचा साधा टी-१ (चरबी पांढरी दाखवणारा सिक्वेन्स), फॅट सॅट (चरबीचा पांढरेपणा दाबणारं तंत्र) न लावता, अ‍ॅक्सियल आणि कोरोनल. घाईत नेमका हाच वगळला जातो, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच. मग गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचा कॉन्ट्रास्ट) ०.१ मिलिमोल प्रति किलो, आणि फॅट सॅटसह टी-१. दातातल्या धातूजवळ, सायनसच्या हवेशेजारी फॅट सॅट फसतं. चरबी पांढरीच राहते आणि आजार असल्याचा भास होतो. तिथे डिक्सन (पाणी आणि चरबी वेगळी करणारं तंत्र) वापरा.

वाचताना सुरुवात साध्या टी-१पासून. नर्व्ह जिथून जातात त्या हाडांतल्या खाचा आणि छिद्रं बघा. टेरिगोपॅलाटाइन फोसा, फोरामेन ओव्हेलच्या लगेच खाली, मँडिब्युलर फोरामेन, स्टायलोमास्टॉइड फोरामेन: इथली चरबी पांढरी शुभ्र हवी. एका बाजूला ती करडी झाली की शंका घ्या, मगच कॉन्ट्रास्टकडे वळा. नर्व्ह जाड झाली का, छिद्र रुंदावलं का, मेकेल्स केव्हमधलं (पाचव्या नर्व्हच्या गँग्लिऑनची पोकळी) टी-२वरचं (पाणी पांढरं दाखवणारा सिक्वेन्स) पांढरं पाणी हरवलं का, कॅव्हर्नस सायनसची बाहेरची भिंत फुगली का?

नुसत्या चमकेवर (कॉन्ट्रास्ट घेऊन पांढरं दिसण्यावर) मात्र जाऊ नका. व्ही-२, व्ही-३ (पाचव्या म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्हच्या वरच्या आणि खालच्या जबड्याच्या फांद्या) यांच्याभोवतीचं शिरांचं जाळं नेहमीच चमकतं. फेशियल नर्व्हचा जेनिक्युलेट आणि टिंपॅनिक भागही. इंटर्नल ऑडिटरी कॅनालमधला भाग चमकला तर तो नॉर्मल नाही.

चघळण्याचे स्नायू दोन्ही बाजूंचे ताडून बघा. व्ही-३ नुकतीच बाधित असेल तर ते टी-२वर उजळ दिसतात, जुनी बाधा असेल तर आक्रसून चरबीने भरलेले. नर्व्ह ठीक वाटत असताना हेच स्नायू चुगली करतात.

पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) गाठ असेल तर सातवीबरोबर (फेशियल नर्व्ह) पाचवीही (ट्रायजेमिनल) तपासा, कारण ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्ह दोघींना जोडते. मध्ये एखादा तुकडा स्वच्छ दिसला म्हणून थांबू नका. आजार त्याच्या पलीकडेही सापडतो, मेंदूकडे तसाच बाहेरच्या फांद्यांकडेही. रिपोर्टमध्ये दोन्ही टोकांचा शेवटचा बाधित बिंदू नावानिशी लिहा: रेडिएशनचं क्षेत्र त्यावरून आखलं जातं.