बायबलवर वाद घालताना या चुका टाळा

मुंबईला बायबलवरचा वाद नवा नाही. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांची इथे जाहीर चर्चा झाली. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत हिंदू धर्मोपदेशक विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांशी वाद घालत होते. दोन्ही वेळचं बोलणं पुढे छापलंही गेलं. आज तोच वाद कॉलेजच्या कट्ट्यावर आणि सोसायटीच्या गच्चीवर होतो, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण बहुतेक वेळा तो ठरावीक जागी अडकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तीन प्रश्नांची सरमिसळ. मूळ मजकूर आपल्यापर्यंत नीट पोचला का? त्यात सांगितलेलं खरंच घडलं का? आणि ते न्याय्य आहे का? एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. वाद भरकटला की आधी विचारा, आपण यांतल्या कोणत्या प्रश्नावर बोलतोय?

हस्तलिखितांचा आकडा फेकणं

नव्या कराराची (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग; त्याआधीचा हिब्रू भाग तो जुना करार) पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आहेत, हे श्रद्धाळू बाजूचं आवडतं वाक्य. ते खरं आहे, पण त्यांतली बहुतेक नवव्या शतकानंतरची आहेत. शिवाय नकला भरपूर आहेत म्हणून येशू मेलेल्यांतून उठला हे सिद्ध होत नाही. नक्कल कितपत काळजीपूर्वक झाली, एवढंच त्यातून कळतं. समोरचा लगेच ‘लाखो पाठभेद (प्रतीप्रतींतले फरक) आहेत’ असं उत्तर देतो. तेही खरं, पण बहुतांश फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दांच्या क्रमाचे आहेत.

खरे मुद्दे मोजके आणि ठोस आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाची (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) शेवटची १२ वचनं (१६:९-२०) चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन प्रतींत नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. श्रद्धाळूंनी हे स्वतःहून सांगावं. लपवलेली गोष्ट दुसऱ्याने काढली की पुढचं काहीच कोणाला पटत नाही.

मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या जुन्या हस्तलिखित गुंडाळ्यांबाबतही असंच होतं. १९४७ मध्ये सापडलेली यशयाची (जुन्या करारातलं एक पुस्तक) गुंडाळी त्याआधी माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी निघाली आणि मजकूर बराच जुळला. तिथल्याच यिर्मया या दुसऱ्या पुस्तकाच्या काही तुकड्यांनी मात्र वेगळी गोष्ट दाखवली: त्या पुस्तकाची एक आखूड आवृत्तीही चालत होती. एक बाजू फक्त यशया सांगते, दुसरी फक्त यिर्मया. दोन्ही एकत्र मांडा.

आणि ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेत बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची ते ठरलं, हे कृपया म्हणू नका. तिथे तो विषय नव्हता. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा जशीच्या तशी दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात.

समोर कोण बसलंय हे न पाहणं

वांद्र्याची ईस्ट इंडियन कॅथलिक मावशी, भायखळ्याचे मराठी प्रोटेस्टंट काका आणि उपनगरातल्या प्रार्थनासभेला जाणारा तरुण, या तिघांचा दावा एक नसतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये ६६. फक्त कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या मक्काबी पुस्तकांचा दाखला दिलात तर काकांच्या प्रतीत तो सापडणारच नाही. १९६५ च्या व्हॅटिकन दस्तऐवजानुसार तारणासाठी (मुक्तीसाठी) लागणारं सत्य बायबल अचूक शिकवतं, तर इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांच्या १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्याने इतिहास आणि विज्ञानातही चूक नसल्याचा दावा केला. यहूदियाचा राजा हेरोद इसवीसनपूर्व ४ मध्ये मेला, असं बहुतेक इतिहासकार धरतात. रोमन सुभेदार क्विरिनियसची जनगणना इसवी सन ६ ची. शुभवर्तमानकार लूक मात्र येशूचा जन्म या जनगणनेशी जोडतो आणि दुसरा शुभवर्तमानकार मत्तय हेरोदाच्या काळात ठेवतो. ही विसंगती दुसऱ्या दाव्याला जबर धक्का देते, पहिल्याला फारसा नाही. म्हणून आधी दावा विचारा.

नैतिकतेला बगल देणं

इथे दोन्ही बाजू सर्वांत जास्त घसरतात. जुन्या करारातल्या निर्गम २१:२०-२१ मध्ये दासाला मारहाण करणाऱ्या मालकाला, दास एक-दोन दिवस जगला तर, शिक्षा नाही. कारण दास त्याचं धन आहे. यावर पहिली पळवाट असते, ‘जुना करार रद्द झाला.’ पण मत्तय ५:१७ मध्ये येशू उलट म्हणतो, आणि दुसऱ्या शतकात मार्शन या ख्रिस्ती शिक्षकाने हिब्रू शास्त्र (म्हणजे जुना करार) टाकून द्यायचं ठरवलं तेव्हा चर्चने त्यालाच बाहेर काढलं. शिवाय नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात दासांना आज्ञा पाळायला सांगितलंच आहे. गलतीकरांस पत्रात दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही असंही म्हटलंय. अमेरिकेत गुलामगिरीच्या दोन्ही बाजूंनी बायबल वाचलं ते यामुळेच.

दुसरी पळवाट, ‘त्या काळी तसंच होतं.’ आपल्याला हे वाक्य ओळखीचं आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा काळाची सबब पुरेशी मानली गेली नाही. मनुस्मृतीला जी फूटपट्टी लावाल तीच निर्गमाला लावा, आणि निर्गमाला लावाल ती मनुस्मृतीला. ज्याला एकासाठी सवलत हवी आहे, तो नीतीबद्दल बोलत नाही, आपल्या माणसांची बाजू घेतोय.

तिसरी पळवाट इतिहासाची. बायबलनुसार यहोशवाच्या नेतृत्वाखाली यरीहो शहराचा तट पडला आणि तिथल्या लोकांची कत्तल झाली. १९५० च्या दशकात कॅथलीन केन्यन यांच्या यरीहोतल्या उत्खननानंतर अनेक अभ्यासकांचं मत झालं की यहोशवाच्या काळात तिथे पाडण्याजोगा तटच नव्हता. मग काही जण सुटकेचा श्वास टाकतात: कत्तल घडलीच नाही, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. १ शमुवेल १५ मध्ये अमालेक या शत्रू टोळीची तान्ही मुलंही मारण्याची आज्ञा देवाच्या तोंडी आहे, आणि देवाचा राग कशाचा, तर शौल राजाने ती पूर्ण पाळली नाही याचा. घटना काल्पनिक ठरली तरी शिकवण पानावर उरतेच. ‘या अध्यायाला माझ्याकडे उत्तर नाही’ असं म्हणणारा श्रद्धाळू मला दहा उत्तरं तयार ठेवणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासू वाटतो. टीकाकारानेही हे चूक कोणत्या आधारावर म्हणतोय ते उघड सांगावं.

बोलणं धर्मांतरावर आणि ‘किती पैसे मिळाले’ यावर घसरलं, तर तिथेच थांबवा. तो ग्रंथावरचा वाद नाही, समोरच्याचा अपमान आहे.

बसण्याआधी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही प्रती टेबलावर असू द्या, आणि सुटं वचन नव्हे तर अख्खा अध्याय मोठ्याने वाचा. शमुवेलाचा पंधरावा अध्याय ३५ वचनांचा आहे. सावकाश वाचला तरी दहा मिनिटांच्या आत होतो.