टीव्ही-मोबाईलवरून पोरांचा अभ्यास कसा घ्यायचा

आधी एक सांगते, नुसतं यूट्यूब लावून पोराच्या हातात फोन दिला की अभ्यास होत नाही, दहा मिनिटांत ते कार्टूनवर गेलेलं असतं. सुरुवात पुस्तकापासून करा. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात, सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप टाकून तो स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य येतं, शोधत बसायला नको. नेट रडत असेल तर डीडी फ्री डिश (दूरदर्शनची डिश सेवा) बघा, महिन्याचं भाडं नाही आणि पीएम ई-विद्या या सरकारी योजनेचे इयत्तेप्रमाणे अभ्यासाचे चॅनल लागतात, फक्त वेळापत्रक आधी बघून ठेवा.

आता खरं काम. समजा चंद्राच्या कलांचा व्हिडिओ आहे, तर मध्येच थांबवा आणि विचारा, पुढे काय होईल सांग. मग खोलीत अंधार करायचा, मोबाईलचा टॉर्च टेबलावर ठेवायचा तो सूर्य, पोराने चेंडू हात लांब करून डोक्याच्या जरा वर धरायचा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरायचं. टॉर्चकडे तोंड केलं की चेंडू काळा म्हणजे अमावस्या, पाठ केली की पौर्णिमा, अधेमधे कोर आणि अर्धा चंद्र आपोआप दिसतो. हे झाल्यावर तोच व्हिडिओ परत लावा, आवाज बंद करून, आणि कॉमेंट्री पोरालाच करू द्या (आमच्याकडे तर क्रिकेटच्या थाटात चालते). कुठे अडकतंय ते तिथेच कळतं.

ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, बंद ठेवा. आणि शक्यतो टीव्हीवरच लावा, म्हणजे भाजी निवडता निवडता तुमचंही लक्ष राहतं.