घरी गोंदायला शिकताय? डाव्या हाताच्या या चुका टाळा

मैत्रीण पहिल्यांदा स्वतःच्या मांडीवर टोचायला बसली, तेव्हा मी शेजारी नुसती बघत होते. तयारी चोख होती. टेबलावर क्लिंग फिल्म अंथरलेली, सुया सीलबंद, ग्लोव्हज नवे. दहा-बारा ठिपके झाले आणि फोन वाजला. तिने डाव्या हाताने तो पालथा घातला, त्याच हाताने टिश्यू उचलला आणि मांडी पुसली.

"थांब, ग्लोव्हज बदल."

"का गं? फाटलेत कुठे?"

फाटले नव्हते. पण रिक्षात, ऑफिसात, भाजीच्या पिशवीत फिरून आलेला फोन तिने आत्ताच ताज्या जखमेवरून फिरवला होता. शिवाय तिचं रक्त फोनला लागलं ते वेगळंच. हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणून शिकायचं ठरलं की आधी त्याची लस घ्या. तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी, म्हणजे सुया मागवण्याआधीच सुरुवात करावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

उजव्या हातात सुई असते म्हणून आपलं सगळं लक्ष उजव्या हाताकडे. मी केलेल्या आणि पाहिलेल्या बहुतेक चुका मात्र डाव्या हाताच्या. (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

आणखी एक, पुढे जाण्याआधी. वय अठराच्या आत असेल, दिवस गेले असतील, साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेचे व्रण फुगून वाढत असतील, म्हणजे केलॉइड होत असेल, तर हा उद्योग नको. आणि पहिले काही महिने फक्त स्वतःच्या अंगावर. मैत्रिणी "माझ्यावर कर ना" म्हणतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

डावा हात कुठे कुठे जातो

ग्लोव्हज घातले की आपण निर्जंतुक झालो असं वाटतं. ग्लोव्हज फक्त तुमचा हात झाकतात. बाकी उघड्या हातासारखेच ते केसांना, चष्म्याला, दिव्याच्या बटणाला, मांजराला लागतात. यावर उपाय एकच, हाताला कुठे जायचं कारणच ठेवायचं नाही. टिश्यू आधीच फाडून रचून ठेवा. शाईची इवलीशी वाटी व्हॅसलिनच्या थेंबावर चिकटवा, म्हणजे कलंडणार नाही. दिवा आणि स्पिरिटची बाटली यांना प्लास्टिक गुंडाळा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गाणी लावायची तर आधीच लावून ठेवा. हे सगळं झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवा आणि मग ग्लोव्हज घाला. नायट्राइलचे घ्या, लॅटेक्सची काहींना ॲलर्जी असते. मध्ये उठावं लागलंच तर जोडी फेकून नवी घाला.

सुई टेबलाला लागली, खाली पडली, बोटाला घासली, की ती संपली. "जरासं तर लागलं" चालत नाही. कालची सुई आज वापरायची नाही, आपलीच असली तरी.

कुकरच्या शिट्या आणि लायटर

शिवणाची सुई लायटरवर तापवून दोऱ्याने पेन्सिलीला बांधायची, असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. ज्योतीची काजळी सुईवर बसते आणि शाईबरोबर कातडीत जाते. आणि त्या एकट्या गुळगुळीत सुईवर शाई थांबत नाही, म्हणून माणूस जोर लावतो.

सुया कुकरमध्ये चार शिट्या देऊन काढल्याचंही मी ऐकलंय. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह आतली हवा बाहेर काढून १२१ अंशांची वाफ किमान १५ मिनिटं धरून ठेवतो, आणि सुया पाकिटात बंद असल्याने बाहेर आल्यावरही निर्जंतुक राहतात. तुम्ही कुकरचं झाकण उघडून ओली सुई चिमट्याने काढलीत, तिथेच सगळं ओम फस.

टॅटूच्या तयार सुया इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून एकेकट्या पाकिटात येतात. पाकिटावरची मुदत आणि लॉट नंबर बघा, कागद कुठे उसवलेला किंवा भिजलेला नाही ना तेही बघा. सुरुवातीला '१२०३ आरएल' पुरे. यातला १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर जाडी, ३ म्हणजे गोल जुळवलेल्या तीन सुया, आरएल म्हणजे राउंड लायनर. त्या तीन टोकांमधल्या फटीत शाई धरली जाते, म्हणून जोर लावावा लागत नाही.

शाई टॅटूचीच हवी, तीही फक्त काळी. फाउंटन पेनची, ड्रॉइंगची, घरच्या काजळाची नको. लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत जास्त दिसते, तेव्हा रंगांचा हौस म्हणूनही विचार नको. बाटलीत सुई बुडवायची नाही. चार थेंब वाटीत घ्या, उरले तर टाकून द्या. पातळ करायला नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं कुठलंच पाणी घालू नका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे २०११ च्या अखेरीस १९ जणांच्या नव्या टॅटूवर पुरळ उठलं. क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, पाण्यात आढळणारा एक जिवाणू त्यामागे निघाला. तो आला होता आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून. म्हणजे तिथे बाटलीच दूषित होती. आपण घरी पाणी घालून तेच हाताने करू नये.

ठिपका बसत नाही, किंवा पसरतो

शाई बसायची जागा कातडीच्या दुसऱ्या थराच्या वरच्या भागात असते, पृष्ठभागापासून साधारण १ ते २ मिलिमीटरवर. त्याच्या वर राहिली तर महिन्याभरात कातडीबरोबर झडते. खाली गेली तर पसरते, ठिपक्याभोवती निळसर सावली येते. याला ब्लोआउट म्हणतात आणि तो दुरुस्त होत नाही. माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. ती तुळस आहे हे तिने सांगितलं म्हणून कळायचं, एरवी हिरवट ढगच. काळा रंग कातडीतून निळा-हिरवा दिसतो आणि वर्षांगणिक थोडा पसरतो हे खरं, पण वृंदावनाच्या खालच्या रेषा तेवढ्या जाड का, हे मला माझी पहिली चंद्रकोर फसल्यावर कळलं.

तिथेही घोळ डाव्या हाताचा. मांडीची कातडी मी ताणून धरली नव्हती. सैल कातडी सुईबरोबर खाली दबते, ठिपका उमटत नाही, मग आपण जोर वाढवतो आणि एखादी टोच एकदम आत घुसते. माझे तीन ठिपके असे घुसले. आजही त्या चंद्रकोरीच्या टोकाला धूर निघाल्यासारखा दिसतो. अंगठा आणि तर्जनीने कातडी ढोलकीच्या पानासारखी ताणा. सुई थोडी तिरकी धरा. बाहेर येताना कातडी सुईला किंचित ओढते आणि हलकासा 'टक' जाणवतो. तो जाणवला की खोली बरोबर आहे. बधिर करणारं क्रीम लावलं की सुरुवातीला हे जोखणं जमत नाही.

आधी सिलिकॉनच्या कातडीवर सराव करा. केळीच्या सालीवरही होतो. केळं मऊ पडू लागलं तर तुम्ही खोल जाताय.

एका बैठकीत पक्का काळा येत नाही म्हणून त्याच जागी टोचत राहणं ही मोह पाडणारी चूक. कातडी लाल, चकचकीत, खरवडल्यासारखी दिसू लागली की हात उचला. राहिलेलं चार ते सहा आठवड्यांनी भरता येतं. रक्ताचे थेंब वर येत असतील तर खोली कमी करा. टिश्यूने घासू नका, टेकवून टिपा, नाहीतर स्टेन्सिलच, म्हणजे टोचण्याआधी कातडीवर उमटवलेला नक्षीचा ठसाच, पुसून जातो. स्टेन्सिल उमटवल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, हे कुणाच्याच धीरात बसत नाही. बॉलपेनने नक्षी काढून त्यावर टोचू नका, ती शाई आत जाते.

पहिल्यासाठी जागा मांडीची. बोटं, घोटा, बरगड्या, कोपराची घडी नंतर कधीतरी. तीळ असेल तिथे कधीच नाही. आणि जेवून बसा, उपाशीपोटी घेरी येते.

नंतरचा आठवडा

"हळद लाव गं त्यावर," असं आई म्हणणारच. मायेने म्हणते, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, रोज ओला चमचा जातो त्यात. डेटॉल तसाच ओतणारेही आहेत, त्याने कातडी भाजते. साधा, बिनवासाचा साबण आणि पाणी, दिवसातून दोन-तीनदा. कोरडं टिपून मॉइश्चरायझरचा पातळ थर, चिकट दिसेल इतका नको. चौथ्या-पाचव्या दिवशी खाज सुटते आणि डावा हात पुन्हा नकळत तिथे जातो. खपली ओढली की शाईही निघते. वरून थोपटा, नखं कापून ठेवा. दोन-तीन आठवडे पोहणं, समुद्र, विहीर, कडक ऊन बंद. होळीच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच गोंदू नका.

पहिले दोन दिवस थोडी लाली आणि ठणका असतोच. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दोन-तीन आठवड्यांनी ठिपक्यांवर बारीक गाठी आल्या तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि घरी केलंय, शाई कुठली, कधी केलं हे लाजून लपवू नका. साध्या मलमाने न जाणारे जंतू शोधायला ते लागतं. रक्तदान करत असाल तर पुढचे बारा महिने ते करता येणार नाही.

सुया टोपण लावून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आपला कचरा कुणीतरी ताई हाताने चाळते. जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची बरणी ठेवा. सुई वापरून झाली की थेट तीत, वाकवायची नाही, झाकण घालायचा प्रयत्नही नाही. बरणी पाऊण भरली की जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारा, त्यांच्याकडे अशा टोकदार कचऱ्यासाठी वेगळा पांढरा डबा असतो. आमच्या इथल्या लॅबमधल्या मुलाने माझी बरणी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "इन्सुलिन का?" गोंदणाच्या म्हटल्यावर त्याने माझ्याकडे एकदा, बरणीकडे एकदा पाहिलं. "पुढच्या वेळी झाकणाला टेप लावून आणा, ताई."